आधीच गडगंज असलेल्या विद्यापीठांनाच अब्जाधीश पैसे का देतात?

निरगाठ: जॉन पॉलसन यांनी २०१५ मध्ये हार्वर्डला ४० कोटी डॉलर दिले. हार्वर्डची गंगाजळी तेव्हाच ३५ अब्ज डॉलरच्या वर होती. भरल्या घरात आणखी भर कशाला? अभियांत्रिकी शाखेच्या पाटीवर आता त्यांचं नाव आहे, झालं! वर करसवलत.

आडवाट: नाव लागलं तर लागलं, पैसा शिक्षणातच गेला ना? आणि करसवलतीसाठी कोणी दान करत नाही हो. १०० देऊन ४० वाचले तरी पदरचे ६० जातातच.

निरगाठ: रोख दिले तर. अमेरिकेत वधारलेले शेअर थेट दिले की भांडवली नफ्यावरचा कर टळतो, शिवाय बाजारभावाने वजावट मिळते. पदरचे जातात हे खरं, पण दिसतात त्यापेक्षा बरेच कमी.

चष्मिश: रूथ गॉट्समन यांना कुठल्या खणात टाकणार? २०२४ मध्ये ब्राँक्समधल्या आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाला १ अब्ज डॉलर, सगळ्या विद्यार्थ्यांची फी माफ. स्वतः तिथे शिकवलेलं. कॉलेजला आपलं नाव द्यायचं नाही, हे त्यांनीच बजावलं.

निरगाठ: अपवाद.

आडवाट: बरं, मग अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग घ्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून शिकून बाहेर पडल्यावर पहिली देणगी ५ डॉलर, २०१८ मध्ये १.८ अब्ज, तीही गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी. मोठ्या विद्यापीठांत देणग्या मिळवायला स्वतंत्र खातंच असतं. माजी विद्यार्थ्यांची खुशाली विचारणं, स्नेहमेळावे, पत्रं, हे वर्षानुवर्षं चालतं. लहान कॉलेजात प्राचार्यांना तेवढी उसंत कुठली? पैसा श्रीमंत विद्यापीठांकडे जातो त्याचं अर्धं कारण हेच, की तिथे नेटाने मागणारी माणसं पगारावर आहेत. तुमच्या पाटीपेक्षा हे मला जास्त पटतं.

निरगाठ: मुद्दा चांगला आहे. पण देणाऱ्याला पुढे शब्द चालवायचा असतो त्याचं काय? अब्जाधीश ली बास यांनी १९९१ मध्ये पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी येल विद्यापीठाला २ कोटी डॉलर दिले. नंतर प्राध्यापक नेमण्यात आपलंही मत हवं म्हणाले. १९९५ मध्ये येलने पैसे परत केले. येलला ते झेपलं. लहान कॉलेजने मुकाट्याने ऐकलं असतं.

चष्मिश: म्हणून तर देणगीचे करार जाहीर हवेत. मनात काय होतं ते कोण तपासणार? अटी तरी वाचता येतील.

निरगाठ: करारांचं मान्य. पाटीबद्दल माझं मत आहे तेच आहे.