कोस्ट ट्रॅकवर फळ्या कशाला?

डोंगळा

सिडनीतल्या मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. शहराच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क आहे. १८७९ साली जाहीर झालेलं, यलोस्टोननंतर जगातलं दुसरं, असं इथले लोक कौतुकाने सांगतात. त्याच्या समुद्राकडच्या कडेने बंडीना ते ओटफर्ड अशी २६ किलोमीटरची वाट जाते, तोच कोस्ट ट्रॅक. क्रोनल्लाहून फेरीने बंडीनाला उतरायचं, चालत सुटायचं, ओटफर्डला गाडी पकडून घरी. रमतगमत दोन दिवस, मधे नॉर्थ एराला तंबू. दामटलं तर एका दिवसात.

पहिल्यांदा ही वाट केली तेव्हा नाशिक सोडून चार महिने झाले होते. ब्रह्मगिरी नाही, अंजनेरी नाही, करायचं काय, म्हणून गेलो आणि वेडा झालो. सकाळी पांढऱ्या-पिवळ्या वालुकाश्माच्या सड्यावर, वाऱ्याने गुडघ्याएवढीच राहिलेली झुडपं. दुपारी गवताळ उतार, थेट आपल्या घाटमाथ्यासारखे. संध्याकाळी ताडांच्या काळोख्या जंगलात जळवा. एका दिवसात तीन मुलूख.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन परत गेलो. बंडीना सोडल्यापासून वाटमोलापर्यंत जागोजागी जमिनीपासून उचललेल्या, जाळीच्या फळ्या. पूर्वी तिथे पाय बघून टाकावा लागायचा. वाळू, मग उघडा कातळ, मग चिखल. जमीन बदलली की आधी तळव्याला कळायचं. आता टप टप टप. लेक अर्धा तास मोबाइलमध्ये डोकं घालून चालली आणि एकदाही अडखळली नाही. मला तेच खटकलं. अडखळावंच असं नाही, पण अडखळण्याची सोय तरी ठेवा!

माझं मत: ही पायवाट राहिली नाही, फूटपाथ झाला. बोला.

मुक्ताई_६७

मी बोलते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी खडबडीत वाटा बंद केल्या होत्या. मुलाकडे सिडनीला आले तेव्हा याच फळ्यांवरून हळूहळू मार्लीच्या पुळणीच्या अलीकडपर्यंत जाऊन आले. जून महिना होता. कड्यावर बसून देवमासे उत्तरेकडे जाताना पाहिले, एक नाही, चार. तुमच्या तळव्याच्या आनंदासाठी माझे देवमासे गेले असते.

डोंगळा

काकू, तुमच्या देवमाशांवर माझा काहीच आक्षेप नाही. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर सोपे ठेवा, मीच हात जोडतो. पण पुढे? अर्ध्या दिवसाच्या अंतरावर कुणाचे गुडघे जपायचे आहेत?

रानजाई

गुडघे कुणाचेच नाहीत. जमीन जपायची आहे.

डोंगळा, तुम्हाला जो चिखल आठवतो ना, तो नुसता चिखल नव्हता. या वालुकाश्माच्या सड्यावर पातळ मातीखाली कातळ आहे. पावसाचं पाणी जिथे झिरपून बाहेर येतं तिथे उतारावरच पाणथळ तयार होतं, स्पंजासारखं. तिथे ठरावीक वनस्पती, बेडूक, किडे. आता चालणारा काय करतो? पहिला चिखलातून जातो. दुसरा बूट नको भिजायला म्हणून कडेने. तिसरा त्याच्या कडेने. पाच वर्षांत एका वाटेच्या पाच होतात आणि मधला स्पंज तुडवून त्याची नाली होते. नाली झाली की पाणी वाहून जातं आणि पाणथळ सुकतं. हे मी सह्याद्रीतही पाहिलंय, फक्त तिथे आपण त्याला ‘मळलेली वाट’ म्हणून खूश होतो.

फळ्या जाळीच्या का आहेत, वाकून बघितलंत का कधी? खाली ऊन-पाऊस जातो, रोपं वाढतात.

आणखी एक. या पार्कात मुळं कुजवणारी एक मातीतली बुरशी सापडलेली आहे, फायटोफ्थोरा नावाची. पुरती बुरशी नव्हे, पाण्यातल्या शेवाळाची चुलत बहीण, पण काम तेच. बुटाला चिकटलेल्या ओल्या मातीतून ती पुढे जाते आणि बँक्सियासारखी झाडं उभ्या उभ्या मरतात. म्हणजे तुमच्या तळव्याला जमीन कळते तेव्हा जमिनीलाही तुमचा तळवा कळतो, आणि ते तिला महागात पडतं.

डोंगळा

बुरशीचा मुद्दा मान्य. मला त्याचा अंदाज नव्हता. पण मग माणसं कमी करा ना! नॉर्थ एराला तंबू टाकायचा तर आधी आरक्षण लागतं, मोजक्याच जागा आहेत, आणि तिथे शांतता आहे. दिवसभराच्या गर्दीला मात्र काही मर्यादा नाही. गर्दी येऊ द्यायची, मग गर्दीने खराब होतं म्हणून फळ्या टाकायच्या, मग फळ्या आहेत म्हणून आणखी गर्दी. हे चक्र कुठे थांबतं?

बाबुराव_पॅडस्टो

थांबतं फिगर एट पूल्सवर, हॉस्पिटलात.

बर्निंग पाम्सच्या पुढे खडकाच्या सपाट ओट्यावर आठच्या आकाराची कुंडं आहेत. फोटोत स्विमिंग पूल दिसतो. तिथे ओहोटीलाच जायचं, आणि समुद्र शांत असेल तरच. नुसती ओहोटी पुरत नाही, मोठी लाट आली की सगळा ओटा धुऊन निघतो आणि माणसं खडकावरून फरफटतात. खरचटणं म्हणजे किसणीवर गाजर. पार्कवाले आता लाटांच्या धोक्याचा अंदाज रोज संकेतस्थळावर टाकतात. तरी लोक चपला घालून येतात.

तेव्हा डोंगळ्याशी अर्धा सहमत. वाट सोपी दिसली की पुढचं सगळंच सोपं असेल असं माणूस धरून चालतो. वेडिंग केक रॉकचं तेच. पांढराशुभ्र खडक, खालून पोखरलेला, २०१५ पासून कुंपण आहे. कुंपणावरून उडी मारून लोक टोकाला बसतात. लग्नाचा केक आहे, श्राद्धाचा होईल.

रानजाई

बाबुराव, फिगर एटला लोक बंडीनाच्या फळ्यांवरून चालत जात नाहीत हो. ते गाडी लावून वरून उतार उतरतात, आणि ती उतरण चांगली दमछाक करणारी आहे. म्हणजे अवघड वाट असूनही अडाणी माणूस पोचतोच. फोटो माणसाला ओढतो, फळी नाही. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, धन्यवाद.

बाबुराव_पॅडस्टो

अरेच्चा. बरोबर आहे. ती ओळ मागे घेतो, केकवाला विनोद ठेवतो.

कातळवेडी

मी रत्नागिरीची. आमच्याकडे सड्यावर कातळशिल्पं आहेत: उक्षीचा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे. सापडली तेव्हा त्यांच्यावरून गुरं जायची, गाड्यासुद्धा. बंडीनाजवळ जिब्बनच्या खडकावर इथल्या मूळच्या धारावल लोकांनी कोरलेली चित्रं आहेत, त्यात देवमासाही आहे. तिथे उंचावरून बघायची सोय आहे, चित्रांवर पाय पडत नाही. मला पहिल्यांदा वाटलं ते हेच: हे आमच्याकडे का नाही! त्यामुळे ‘जमिनीला पाय लागू द्या’ हे ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुठल्या जमिनीला?

आणि ‘अस्पर्श निसर्ग’ हे प्रकरणही तपासा. १८७९ मध्ये हे पार्क मुळात सिडनीकरांच्या करमणुकीसाठी केलं. ऑडलीला नदी अडवून होड्या, हिरवळी, बाहेरची झाडं. जावा बेटाकडची रुसा हरणं सोडली, त्यांची वंशावळ अजून झुडपं खाते आहे. त्याच्या हजारो वर्षं आधीपासून धारावल लोक तिथे राहत, शिंपले खात, आग लावून रान राखत. तुमची चार महिन्यांच्या विरहातली वाट ही त्या मानाने फार अलीकडची हो.

डोंगळा

शेवटचं वाक्य लागलं. पण मी अस्पर्श म्हटलंच नाही, वर बघा. मी म्हणतोय वाट. वाट माणसानेच केलेली असते, पायांनी. सह्याद्रीतली ढोरवाटही गुरांनी केलेली असते. पायांनी झालेली वाट आणि कंत्राटदाराने केलेली वाट यात मला फरक दिसतो.

कळशी

कळसूबाईच्या शिड्या कंत्राटदाराने केल्या नाहीत तर काय देवीने लावल्या? त्या चढताना ‘टप टप’ आवाज आला नाही का? 😄

डोंगळा

शिडी कड्यावर आहे, कळशीताई. सपाटीवर शिडी आडवी टाकली तर काय म्हणाल?

कळशी

साकव.

रानजाई

😂 धागा इथेच संपायला हरकत नव्हती.

तरी एक भर. कासच्या कुंपणावरही हाच वाद झाला. फुलं वाचवायला जाळी लावली, मग गुरांचं चरणं बंद झालं म्हणून गवत माजलं आणि फुलं कमी झाली, असं म्हणणारे पुढे आले. म्हणून मी ‘फळी टाकली की निसर्ग वाचला’ असं म्हणणार नाही. कुठे टाकली, खाली काय आहे, ते बघावं लागतं. सड्यावरच्या पाणथळात हवीच. कोरड्या कातळावर टाकली असेल तर मीही विरोध करेन. १९९४ च्या वणव्यात या पार्कातलं नव्वद टक्क्यांहून जास्त रान जळालं आणि परत आलं. आगीतून बँक्सियाची बोंडं उघडतात, बी पडतं, गायमिया लिलीला तर आगीनंतर बहर येतो. या रानाला आग सोसते, पण रोजच्या रोज त्याच जागी पडणारे बूट सोसत नाहीत.

बाबुराव_पॅडस्टो

‘आग सोसते, बूट सोसत नाहीत.’ हे टी-शर्टवर छापा.

डोंगळा

ठीक. माझं म्हणणं आता आक्रसून सांगतो.

पाणथळावरच्या फळ्या: मागे घेतो. जिब्बन: तिथे कधी वाद नव्हताच. पण वाटेवरच्या गारी पुळणीच्या दक्षिणेला फळ्या नकोत. तिथे वालुकाश्म संपत येतो, खालचे मऊ थर वर येतात, म्हणून तर सरळ कडे जाऊन ते गोल गवताळ उतार दिसतात. नॉर्थ एराच्या वर त्या गवतात उभं राहिलं की वाट नुसती एक रेघ दिसते, खाली समुद्र. तिथे वाट पावसात घसरते, सरकते, दरवर्षी थोडी वेगळी होते. ती सरकू द्या. आणि पाम जंगलाला तर हातसुद्धा लावू नका, जळवांसकट.

मुक्ताई_६७

जळवा तुम्हालाच लखलाभ.

रानजाई

उतार घसरतोय म्हणूनच तिथे आधी काम लागेल, डोंगळा. घसरणाऱ्या उतारावर लोक वरच्या बाजूने नवी वाट पाडतात, ती आणखी माती सोडते. नॉर्थ एराच्या वर तुम्ही नेमके कुठून चाललात? एका रेघेवरून की दोन?

डोंगळा

दोन होत्या. मी वरचीवरून गेलो. खालची ओली होती.

रानजाई

🙂