रॉकेटियर : नुसत्या जुन्या आठवणी की त्याहून जास्त?

चित्रकथी :
डेव्ह स्टीव्हन्सचं रॉकेटियर परत वाचलं आणि मत पक्कं झालं, ज्या जुन्या सिरियल्सना (थिएटरात दर आठवड्याला एक भाग दाखवायचे त्या सिनेमालिका) हा मुजरा आहे त्यांच्यापेक्षा हे कॉमिक कितीतरी सरस आहे. १९४९ च्या किंग ऑफ द रॉकेट मेनमधला हिरो चामड्याचं जॅकेट घालतो, छातीवरची बटणं फिरवतो, धावत येऊन उडी मारतो की गेला आकाशात, पण माणूस म्हणून तो कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे १९३८ चं लॉस एंजेलिस, क्लिफ सेकॉर्ड हा कडका पायलट, चोरांनी लपवलेलं रॉकेट त्याला सापडतं आणि पठ्ठ्याच्या डोक्यात काय येतं तर ह्यातून चार पैसे मिळाले तर मैत्रीण बेटी सोडून जाणार नाही. असा हिरो मला जवळचा वाटतो.

जुना_पडदा :
अजिबात नाही पटलं. सिरियलचा जीवच आठवड्याच्या भागात होता, बारा भाग, गाडी कड्यावरून खाली गेली की पोरं पुढच्या शनिवारपर्यंत तळमळणार. रॉकेटियर सुरू झालं १९८२ ला, आणि दुसऱ्या कथेचा दुसरा अंक १९८९ चा नि शेवटचा थेट १९९५ चा! सहा वर्षं लटकवून ठेवल्यावर कसला थरार राहतो? आणि त्या सिरियलचे स्पेशल इफेक्ट्स करणारे लायडेकर बंधू माणसाएवढा बाहुला तारेवरून खऱ्या आभाळात सोडायचे, ते आजही बघताना छातीत धस्स होतं.

चित्रकथी :
उशीर झाला, मान्य. पण त्या गाडीचं पुढच्या शनिवारी काय व्हायचं तेही सांगा ना, हिरोने आधीच बाहेर उडी मारली होती म्हणे, आणि तो शॉट आदल्या भागात नसायचाच! पोरांची सरळ फसवणूक आहे ही. स्टीव्हन्सने असं केलं नाही.

निळी_शाई :
तुम्ही दोघं बेटीबद्दल बोलतच नाही आहात. बेटी पेज ह्या खऱ्या पिन-अप मॉडेलच्या फोटोंवरून काढलीय, रेषा अप्रतिम, पण तिला पोझ देणं आणि क्लिफवर चिडणं ह्यापलीकडे काम काय दिलंय? १९९१ च्या सिनेमात तिची जेनी केली, निदान तिला स्वतःचं करिअर तरी आहे.

चित्रकथी :
अहो पण स्टीव्हन्सने पुढे खऱ्या बेटीला शोधलं, तिच्या चित्रांचे पैसे तिला मिळावेत म्हणून धडपडला, म्हातारपणी तिला स्वतः गाडीतून बँकेत न्यायचा.

निळी_शाई :
माहितीये, आणि त्याबद्दल त्याला मनापासून मानते. पण मी पानावरच्या बेटीबद्दल बोलतेय, ती अजून दारात कमरेवर हात ठेवून क्लिफची वाटच बघतेय.