चिखलदऱ्याच्या पायथ्याशी शुगर मेपल जगेल का? पाक निघेल का?

कोरडवाहू_पाचएकर
तीन एकर मध्यम काळी, दोन एकर मुरमाड उतार. विहिरीला मार्चपर्यंत पाणी. एक विक्रेता शुगर मेपलची (ज्याचा रस आटवून गोड पाक करतात ते परदेशी झाड) रोपं घ्या म्हणतो: पाचव्या वर्षी पाक सुरू, आणि चिखलदरा थंड असल्यानं अडचण नाही. रस नेमका कसा निघतो, किती निघतो? लाकडाला काही किंमत आहे का?

परतवाडा_रोपवाटिका
पाचवं वर्ष विसरा. हे झाड सावकाश वाढतं. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास २५ सेंटीमीटर झाल्याशिवाय भोक पाडत नाहीत, आणि तेवढं व्हायला कॅनडा-अमेरिकेतल्या क्यूबेक-व्हरमाँटसारख्या त्याच्या स्वतःच्या मुलखातही साधारण ४० वर्षं जातात.

आता थंडीचं. नुसत्या गारठ्यानं रस येत नाही, तो गोठण्या-वितळण्यानं येतो. उन्हाळ्यात झाड खोडात पिष्ट साठवतं, हिवाळ्यात त्याची साखर होते. मग फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात रात्री उणे ४-५ आणि दुपारी अधिक ५ अंश असं चक्र लागतं. रात्री लाकडातली हवा आकसते, पाणी गोठतं आणि खालून आणखी पाणी ओढलं जातं. दुपारी बर्फ सुटला की तीच हवा फुगून रसावर दाब देते आणि भोकातून थेंब पडू लागतात. रात्र गोठली नाही तर धार बंद. चिखलदऱ्यात पारा पाचाच्या आसपास उतरला तरी खोड गोठत नाही, म्हणून रस नाही. पायथ्याशी तर विषयच नको.

जगण्याचंही कठीणच. बी ओल्या वाळूत १ ते ३ अंशांवर दोन-तीन महिने ठेवल्याशिवाय उगवत नाही. हौस असेल तर फ्रिजमध्ये जमतं, पण कुंडीतलं रोप एप्रिल-मेच्या उन्हात कडेकडेनं करपतं. कळ्यांनाही लांब थंडी हवी, नाहीतर पुढची पालवी धड फुटत नाही. शिवाय त्याला निचऱ्याची, किंचित आम्ल, भुसभुशीत जमीन लागते. आपली काळी पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

गुऱ्हाळवाला
रसाचा हिशेब मांडतो. हा धावड्याच्या डिंकासारखा सालीतला चीक नाही, लाकडातलं पाण्यासारखं पातळ पाणी आहे. साखर जेमतेम २ टक्के. तिथले लोक ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यानं भागतात. २ टक्के असेल तर १ लिटर पाकाला ४३ लिटर रस. आपल्या उसाच्या रसात साखर याच्या कितीतरी पट असते, तरी सरपण पुरता पुरत नाही!

भोक ८ मिलिमीटरचं, ४-५ सेंटीमीटर खोल, किंचित वर चढतं, म्हणजे रस बाहेर ओघळतो. जाड झाडाला दोन, एरवी एकच. भोकाभोवतीचं लाकूड वर-खाली मरतं, म्हणून पुढल्या वर्षी जुन्याच्या सरळ रेषेत न पाडता बाजूला सरकतात. बादलीला एका भोकामागे हंगामात ४० लिटरच्या आसपास रस धरा, म्हणजे पाक अंदाजे एक लिटर.

आटवताना पाण्याच्या उकळबिंदूच्या वर ४ अंश गेलं की पाक झाला, साखर ६६-६७ टक्के. त्याआधी उतरवला तर आंबतो किंवा बुरशी धरतो, जास्त आटला तर बरणीत खडे होतात. तळाला बसणारा वाळूसारखा चुनकट साका गरम असतानाच जाड कापडातून गाळून काढावा लागतो. कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास मारतो, तिथं हंगाम संपला.

वऱ्हाडी_माळकरी
भाऊ, पैशे भरू नोका. निळ्या मेपलचं बी म्हणून जे इंटरनेटवर इकतेत, तसं झाड दुनियेत नाई. अन् काश्मिरातला चिनार दिसतो मेपलसारखा, पण तो येगळ्याच घरचा हाय.

आरागिरणी_अमरावती
लाकूड मात्र भारी. सागापेक्षा कठीण, रंगानं फिकट, घट्ट कणीचं. बास्केटबॉलची मैदानं, बोलिंगच्या पट्ट्या, खाटकाचे ठोकळे, बेसबॉलच्या बॅटी यासाठी ते वापरतात. पण ओल आणि वाळवी सोसत नाही. आपल्याकडे दारं-खिडक्यांना सागच. लाकडाच्या आशेनं लावायचं तर नातवाच्या नावानं लावा.

कोरडवाहू_पाचएकर
समजलं, मेपल रद्द. दोन एकर मुरमाडात गोड रसाचं दुसरं काही?

गुऱ्हाळवाला
शिंदी, म्हणजे रानखजूर. बांधावर, नाल्याकाठी आपोआप येते. नीरेत साखर १० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे किलोभर गुळाला ८-१० लिटर पुरते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघानं ताडगुळाचं काम केलं होतं, ते याच जातकुळीचं.

छेद शेंड्याखाली एका बाजूनं, पातळ, थंडीतच. गाभा दुखावला तर झाड गेलं, कारण त्याला शेंडा एकच. दोन-तीन रात्री रस घेतला की तितकेच दिवस विश्रांती. मडक्याला आतून चुन्याचा हात द्या आणि उजाडण्याआधी उतरवून लगेच चुलीवर चढवा. ऊन चढलं की आंबून ताडी होते, मग कितीही आटवा, गूळ बसत नाही.

परतवाडा_रोपवाटिका
एक राहिलं. कोयता लावण्याआधी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून नीरेचा परवाना घ्या. झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तो लागतो.