शब्दचर्चा : 'मुका मार'

प्रश्न

आमच्या गावाला लागून महामार्ग जातो. अपघात झाला की १०८ची गाडी पोचायच्या आधी गावातलीच पोरं धावतात. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला पानभर सूचना लिहिते आहे. मूळ इंग्रजी मजकुरात इजांचे दोन गट आहेत. काही घुसल्या-भोसकल्यामुळे झालेल्या, तर काही आदळल्या-चेंगरल्यामुळे झालेल्या. दुसऱ्या गटासाठी एका भाषांतरात 'बोथट आघात' वाचलं, पण ते इथे कुणाला कळणार नाही. मला 'मुका मार' सुचतो. अडचण एवढीच, की आमच्याकडे 'मुका मारच आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग हा शब्द वापरावा का?

पुण्याहून एक वाचक

आमच्या घरीही असंच आहे. कातडी फाटली नाही, रक्त आलं नाही, नुसतं काळंनिळं पडलं की तो मुका मार. त्यावर आंबेहळदीचा लेप लावायचा आणि झोपायचं. आपण जखमेचं तोंड म्हणतो, गळवाला तोंड फुटलं म्हणतो. ज्याला तोंड नाही तो मुका, असा मी अर्थ लावते. व्युत्पत्तीचा दावा नाही. गंभीर इजेसाठी आपल्याकडे 'वर्मी लागणं' आहेच.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर

ताई, 'मुका मार' हाच शब्द ठेवा. नातेवाईक दारातून आत येतानाच तो उच्चारतात, त्यामुळे तो वाचून कळेलही लगेच. फक्त त्याला चिकटलेलं 'काळजीचं काही नाही' तुमच्या पानावरून ठामपणे पुसून टाका. आणि वरच्या वाचकांनी 'वर्मी' वेगळं काढलं ते मला पटत नाही. मुका मारच वर्मी लागतो. रस्ता अपघातात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इजा मुक्याच असतात.

पोटावर हँडल आदळलेला मोटारसायकलवरचा तरुण घ्या. अंगावर नुसतं खरचटलेलं. चालत येतो, बोलतो, बीपी १२०/८०. आत पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटलेली असू शकते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत धडधाकट तरुणाचं वरचं बीपी टिकू शकतं, कारण हृदय जोरात पळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतात. म्हणून बीपीच्या आकड्यावर विसंबायचं नाही. नाडी किती पळतेय, हात गार आहेत का, घाम सुटलाय का, माणूस चुळबुळ करतोय का, हे बघायचं. 'प्यायलाय म्हणून बडबडतोय' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

नाडी पळतेय आणि बाहेर रक्त दिसत नाही, तेव्हा ते चार ठिकाणी शोधायचं : छाती, पोट, कमरेच्या हाडांचा घेर आणि मांड्या. एका मोडलेल्या मांडीत लिटरभर रक्त सहज साकळतं. पोटातलं आणि हृदयाभोवतीचं रक्त खाटेजवळच्या सोनोग्राफीत काही मिनिटांत दिसू शकतं. कमरेचा घेर मोडल्याची शंका आली तर खुब्यांच्या पातळीवर चादर घट्ट आवळून बांधतो, त्याने आतला स्राव बराच आवरतो.

तरीही आमची सुरुवात आत लपलेल्या रक्तापासून होत नाही. आधी श्वासाची वाट आणि तिच्याबरोबर मान सांभाळणं, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि शेवटी कपडे काढून पुढून-मागून सगळं अंग तपासून लगेच पांघरूण. पांघरूण महत्त्वाचं आहे, कारण गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. या क्रमाच्या शिक्षणामागे एक मोठं दुःख आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं विमान शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली आणि मुलांवर ग्रामीण रुग्णालयात झालेले उपचार पाहून ते हादरले. त्यातून १९७८ मध्ये या प्रशिक्षणाचा पहिला वर्ग झाला. आज जगभरचे डॉक्टर तेच शिकतात : जे डोळ्यांत भरतं त्याच्याआधी, ज्याने जीव लवकर जाईल ते हाताळायचं.

वकील

कायद्याचे शब्द या पानात आणू नका, एवढंच सुचवतो. 'दुखापत' आणि 'जबर दुखापत' यांची वाटणी वेगळीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडला तरी ती जबर दुखापत ठरते.

कॅज्युअल्टीतली डॉक्टर

अगदी बरोबर. दात तुटलेला माणूस कागदावर 'जबर' असला तरी आमच्याकडे थांबू शकतो.

नाशिकहून एक वाचक

थोडं विषयांतर. बातम्यांत 'प्रकृती स्थिर' म्हणतात, ते 'धोका टळला' याच अर्थाने ना?

कॅज्युअल्टीतली डॉक्टर

नाही, आणि नातेवाईकांशी बोलताना मला याच शब्दाची सर्वांत जास्त धास्ती वाटते. स्थिर म्हणजे नाडी, बीपी, श्वास आत्ता या घडीला ढासळत नाहीत. सलाईन किंवा रक्त दिल्यावर बीपी वर येतं आणि अर्ध्या तासात पुन्हा उतरतं, असे रुग्ण असतात. त्यांचा रक्तस्राव आत चालूच असतो आणि बहुतेकांना ऑपरेशन लागतं. अशाला मधल्या वेळेत 'स्थिर' म्हणून लांबच्या प्रवासाला पाठवलं तर तो वाटेत जाऊ शकतो. मी घरच्यांना 'स्थिर' न म्हणता 'आत्ता बीपी टिकून आहे, दर काही मिनिटांनी बघतोय' असं सांगते. वाक्य लांबतं, पण खोटा दिलासा जात नाही.

डोक्याच्या मुक्या मारात हाच धोका वेगळ्या तऱ्हेने येतो. माणूस क्षणभर बेशुद्ध पडतो, उठतो, नीट बोलतो, घरी जातो. काही तासांनी डोकं ठणकतं, उलट्या होतात, गुंगी येते. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असताना असं होतं, आणि त्या मधल्या बऱ्या वेळात उपचार मिळाला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. त्यामुळे 'झोपू दे त्याला, दमलाय' हे अपघातानंतर लगेच म्हणू नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. आता मजकूर असा करते :

'रक्त दिसत नाही म्हणजे मार कमी, असं समजू नका. मुका मार आतून जीव घेऊ शकतो. जोरात आदळलेला माणूस बोलत-चालत असला तरी त्याला दवाखान्यात न्या. नाव विचारा, उत्तर नीट येतंय का बघा. पाणी पाजू नका. पांघरूण घाला. १०८ला फोन करा.'

कॅज्युअल्टीतली डॉक्टर

छान झालंय. 'पाणी पाजू नका'च्या पुढे कारण लिहा, नाहीतर कुणी ऐकणार नाही. तहानलेल्याला पाणी नाकारणं आपल्या लोकांना पाप वाटतं. 'गुंगीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि ऑपरेशनच्या वेळी पोट भरलेलं असणं धोक्याचं असतं' एवढं पुरे. आणि 'न्या'च्या आधी 'मान न हलवता' घाला. बसवून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून आणलेले रुग्ण आजही येतात.