डेटिंगचं टार्गेट ठेवलं, आता शीट उघडवत नाही

ठाकुर्लीकर:
वय ३१. जानेवारीत ठरवलं, आईने आणलेल्या स्थळांवर विसंबायचं नाही, आपणच माणसं भेटायची. महिन्याला दोन भेटी, जूनपर्यंत कुणीतरी पक्कं. ऑफिसात दिवसभर एक्सेलच, म्हणून याचीही शीट केली: कुठे राहते, भेट कुठे, किती वेळ, शेरा. नऊ ओळी झाल्यात. शेऱ्यात सहा वेळा ‘छान, पण’.

गेल्या रविवारी दादरला भेटायचं होतं आणि नेमका माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक. ४० मिनिटं उशीर. ती शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पर्स डोक्यावर धरून बसलेली. बोलताना माझ्या डोक्यात एकच, ही नववी, कोटा झाला. तिने विचारलं, “तुम्हाला कुठे पोचायचंय का?”

टार्गेट कमी करू की बंदच करू?

बोरिवली_स्लो:
अरे, तिला पुढे काय बोललास ते लिहिलंच नाहीस! असो. ‘जूनपर्यंत पक्कं’ यातलं अर्धं दुसऱ्याच्या हातात. मी माझ्या हातातलंच धरते. आठवडाभर चॅट झालं की भेटायचं विचारायचं, पहिली भेट तासाभराची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हो की नाही कळवायचं. हे शेवटचं जमायला मला वर्ष लागलं. ‘नाही’ टाइप करून तीन स्टेशनं पुसत बसायचे.

घाटकोपर_पूर्व:
सेंट्रलवाल्याने रविवारी भेट ठेवूच नये. शनिवार घे. मुलगी अंधेरीकडची असेल तर घाटकोपर, मेट्रोने ती अर्ध्या तासाच्या आत येते. स्वानुभव. (पहिलं भांडणही त्याच जिन्यावर.)

निवृत्त_काकू:
माझ्या वडिलांकडेही वही होती. उंची, नोकरी, पगार, शेरा. कांदेपोह्यांनंतर ह्यांच्या नावापुढे ‘बरा’ एवढंच लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. शीट राहू दे बाळा, पण ‘पण’च्या पुढे काय ते लिही.

ठाकुर्लीकर:
काकू, लिहायला बसलो. सहापैकी चार ‘पण’ म्हणजे ‘लांब राहते’. विरार, पनवेल, परत विरार, मालाड. एक ‘फार बोलते’. आणि सहाव्याचं आठवतच नाही.

नववीला सॉरीचा मेसेज केला. शनिवारी माटुंग्याला, फाइव्ह गार्डन्सला ये म्हणाली. फास्ट तिथे थांबत नाही, स्लोच पकडावी लागेल. तासभर आधी निघतोय.