'उजवा' म्हणजे चांगला, हे भाषेनं ठरवलं की हातानं?

डावखुरी: पहिलीत पाटीवर डाव्या हातानं लिहायला लागले की बाई पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी म्हणायची, "उजवा गं, उजवा!" भाषाही त्याच बाजूची. लेक आईपेक्षा उजवी निघते, आणि नको असलेल्याला डावललं जातं.

एवढं ऐकूनही मला 'चांगलं' डावीकडेच वाटतं. डॅनियल कासासांतो या मानसशास्त्रज्ञानं २००९ साली दाखवलं, की कागदावर शेजारी शेजारी काढलेल्या दोन काल्पनिक प्राण्यांपैकी जास्त भला कोणता असं विचारलं तर उजव्या हाताच्या लोकांचा कल उजवीकडच्याकडे, डावखुऱ्यांचा डावीकडच्याकडे. भाषा दोघांची एकच. माझं ठाम मत आहे, कल्पना आधी अंगात रुजते, शब्द मागून येतो.

शब्दवेध: ताई, पटत नाही. शरीर सगळ्यांचं सारखं, डोळे पुढे आणि पाठ मागे. तरी आपल्याला 'पुढचं वर्ष' यायचं असतं, आणि अँडीजमधल्या आयमारा भाषेत 'नायरा' म्हणजे डोळा, पुढची बाजू आणि गेलेला काळही. तिथली जुनी माणसं भूतकाळाबद्दल बोलताना हात समोर करतात. मग दिशा संस्कृतीनंच ठरवली ना? आणि आपला 'परवा'? गेलेलाही तोच, येणाराही तोच.

सांजवारा: माझे बाबा जन्मांध आहेत. आमटी ढवळताना म्हणतात, "थांब, मीठ बघतो." डोळ्यांनी कधी काही पाहिलं नाही, तरी 'बघणं' अडत नाही. तो शब्द त्यांना भाषेनंच दिला.

डावखुरी: पण बाबा बघतात ते जिभेनं, म्हणजे शरीरानंच. आयमारांचंही तसंच. घडून गेलं ते पाहिलेलं, म्हणून समोर. न पाहिलेलं पाठीमागे. 'परवा' नुसतं अंतर सांगतो, आजपासून दोन पावलं. कुठल्या बाजूला, ते 'आला' की 'येईल' यावरून कळतं.

कासासांतोंनीच पुढे इव्हँजेलिया क्रिसिकू यांच्याबरोबर उजव्या हाताच्या लोकांना उजव्या हातात जाड हातमोजा घालून सुमारे १२ मिनिटं सोंगट्या मांडायला लावल्या. त्यांचा कल डावीकडे वळला!

शब्दवेध: हा प्रयोग मला खरंच विचारात पाडतो. पण जे १२ मिनिटांत उलटतं, त्याला कल्पनेचा पाया कसं म्हणायचं?