डीएलडीच्या निदानात पालकांना ‘मेंदूतला फरक’ सांगावा का?

केतकी:
मुलगी चौथीत आहे. ऐकू नीट येतं, बुद्ध्यांकही चांगला. तरी ‘दादाने मला मारलं’ऐवजी ‘दादा मी मारलं’ म्हणते. बाई म्हणतात लक्ष देत नाही, नातेवाईक म्हणतात मोबाईल दिलात म्हणून. निदान निघालं डीएलडी, म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, लहानपणापासून भाषा शिकण्यातच येणारी अडचण. नंतर वाचनात आलं की जॉर्जटाउन विद्यापीठाच्या मायकेल अलमन यांच्या गटाने २०२४ मध्ये मेंदूच्या रचनेवरच्या आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कॉडेट न्यूक्लियस ज्यात येतो त्या खोल भागात फरक सातत्याने आढळला. हा भाग नकळत, सरावाने शिकण्याचा. व्याकरण मूल तसंच तर शिकतं! हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

वाचातज्ज्ञ_नाशिक:
मला पटत नाही. मेंदूचं नाव काढलं की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, ‘एमआरआय कुठे करू?’ हे फरक गटांच्या तुलनेतून दिसतात. एकट्या मुलाचा स्कॅन बघून डीएलडी आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय फरक मुळातला की भाषेशी वर्षानुवर्षं झगडून झालेला, हेही एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही. निदान होतं मुलाला गोष्ट सांगायला लावून, घरी-शाळेत काय अडतं ते विचारून. तीसच्या वर्गात अशी साधारण दोन मुलं असतात. एमआरआयच्या पैशांत कितीतरी थेरपी होईल.

अभय:
पण सवलतींचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत शारीरिक किंवा मज्जासंस्थेचं कारण लागतं. मेंदूबद्दल गप्प बसलो तर या मुलांना दारच बंद.

वाचातज्ज्ञ_नाशिक:
त्याच कायद्याच्या परिशिष्टात विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या बघा. त्यात डेव्हलपमेंटल अफेझिया, म्हणजे अशाच भाषेच्या अडचणीचं जुनं नाव, स्पष्ट लिहिलंय. त्या मार्गाने भांडूया. एमआरआयवर भिस्त ठेवली तर ज्याचा स्कॅन नॉर्मल येईल, त्याला कार्यालयं सरळ परत पाठवतील.

केतकी:
एमआरआय नको, हे मान्य. पण सांगणं वेगळं, तपासणी वेगळी. सासूबाई मुलीला चारचौघांत ‘नीट बोल’ म्हणून दटावायच्या. मेंदूची घडण वेगळी असू शकते, हे समजावल्यावर थांबल्या. आता ती चुकीचं बोलली की सासूबाईच बरोबर वाक्य हळू म्हणून दाखवतात.